सिग्नल की टेलिग्राम?

मालवणात होमस्टे चालवणाऱ्या वहिनींचा प्रश्न: पाहुण्यांच्या आधारकार्डाचे फोटो यांपैकी कुठल्या मेसेजिंग अ‍ॅपवर मागवू? 2024 मध्ये टेलिग्रामचे संस्थापक दुरोव्ह यांनी सिग्नलच्या सुरक्षिततेवर जाहीर शंका घेतली, सिग्नलकडूनही उत्तर आलं. त्या भांडणात आपण कशाला पडा? (मेसेज गुप्त ठेवायचं सिग्नलचंच तंत्र व्हॉट्सअ‍ॅप 2016 पासून सगळीकडे वापरतंय, तेही प्रतिस्पर्धी असून.)

खर्च दोन्हीकडे शून्य. गुप्ततेत मात्र मोठी तफावत. सिग्नलवर प्रत्येक संभाषण आपोआप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता येत नाही. टेलिग्रामवर त्यासाठी मुद्दाम ‘सीक्रेट चॅट’ उघडायचं, आणि ग्रुपला ती सोयच नाही. उलट फोन खाडीत पडला तर टेलिग्रामचे नेहमीचे मेसेज नव्या फोनवर लगेच दिसतात. सिग्नलचा बॅकअप आधीच चालू केलेला हवा.

तेव्हा वहिनी, आधारकार्ड सिग्नलवर. स्कूबाचे दर शेकडो लोकांना कळवायचे तर टेलिग्रामचं चॅनल बेस.