अ‍ॅलेक्स प्लेसमेंट टेस्ट : सहा महिने वापरल्यानंतर

बारावीला गणितात १०० पैकी ९२, आणि अ‍ॅलेक्स या अमेरिकन विद्यापीठांच्या ऑनलाइन गणित चाचणीत पहिल्या खेपेला ५४. जूनमधल्या त्या संध्याकाळी लेक लॅपटॉप तसाच उघडा टाकून गच्चीवर निघून गेली. मी नाशिकच्या शाळेत १९ वर्षं नववी-दहावीला गणित शिकवते. त्या आकड्याकडे बघत मी किती तरी वेळ बसून होते. आता डिसेंबर संपला, तिचं अमेरिकेतलं पहिलं सत्र पार पडलं, आणि त्या ५४ने आमचं जेवढं भलं केलं तेवढं त्या ९२नेही केलं नाही, असं मला मनापासून वाटतं. ज्यांची मुलं यंदा बारावी करून थेट तिकडे इंजिनिअरिंगला जाणार आहेत त्यांच्यासाठी लिहिते आहे. गेल्या मे महिन्यात आम्हाला हे समजावून सांगणारं कुणी भेटलं नव्हतं.

आधी ही परीक्षा आहे काय ते सांगते, कारण आमचाही सुरुवातीला घोळ झाला होता. ही प्रवेश परीक्षा नव्हे. प्रवेश मिळालेला असतो, कधी कधी फीचा पहिला हप्ताही गेलेला असतो. त्यानंतर विद्यापीठ विचारतं, या मुलीला गणिताच्या कुठल्या वर्गात बसवायचं? कॉलेज अल्जिब्रा, प्रीकॅल्क्युलस की थेट कॅल्क्युलस १? आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला सगळ्यांना एकच एम-१, म्हणजे गणिताचा पहिला पेपर. तिकडे दहा शाळांतून, दहा राज्यांतून, दहा देशांतून आलेली मुलं असतात, त्यामुळे आधी चाचपणी. कुणाकडे एपी कॅल्क्युलसचे (शाळेत असतानाच देता येणारी कॉलेज-पातळीची अमेरिकन परीक्षा) चांगले गुण असतील तर बऱ्याच ठिकाणी ही चाचणी लागत नाही. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आम्हाला तशी सूट मिळाली नाही.

चाचण्या अनेक आहेत. काही विद्यापीठं स्वतःची घेतात, काही कॉलेज बोर्ड या अमेरिकन संस्थेची अ‍ॅक्युप्लेसर. लेकीच्या विद्यापीठात अ‍ॅलेक्स पीपीएल होती (पीपीएल म्हणजे प्लेसमेंट, तयारी आणि शिकणं), इलिनॉय विद्यापीठातही हीच आहे. जास्तीत जास्त ३० प्रश्न, साधारण दीड तासाचं काम. पर्याय निवडण्याचा प्रकार जवळजवळ नाही. उत्तर स्वतः काढून टाईप करायचं, आलेख असेल तर पडद्यावर बिंदू ठेवून काढायचा. कॅल्क्युलेटर ज्या प्रश्नाला चालतो त्याच प्रश्नाला पडद्यावर उगवतो, बाकी वेळी कागद-पेन्सिल. शेवटी ० ते १०० मधला एक आकडा. हा आकडा म्हणजे टक्केवारी नाही, म्हणजे ३० पैकी किती बरोबर हे तो सांगत नाही. अपूर्णांकांपासून त्रिकोणमितीपर्यंत ३१४ घटक आहेत, त्यातले किती टक्के तुला येतात याचा तो अंदाज आहे.

३० प्रश्नांत ३१४ घटकांचा अंदाज कसा बांधतात, हे मला शिक्षिका म्हणून फार आवडलं. गणितज्ञ ज्याँ-पॉल दोन्यों आणि गणिती मानसशास्त्रज्ञ ज्याँ-क्लोद फाल्मान या दोघांनी १९८५ साली नॉलेज स्पेसची कल्पना मांडली आणि पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत त्यावरून हे सॉफ्टवेअर उभं राहिलं. कल्पना अशी : ज्या मुलाला वर्गसमीकरण अवयव पाडून सोडवता येतं त्याला कंस गुणता येतात हे गृहीत धरायला हरकत नाही, ते वेगळं विचारायला नको. आणि ज्याला कंसच गुणता येत नाहीत त्याला वर्गसमीकरण विचारण्यात अर्थ नाही. प्रत्येक उत्तरानंतर शक्यता अशा गळत जातात, आणि पुढचा प्रश्न त्यावर ठरतो. फळ्याशी बोलावलेल्या मुलाला आम्ही हेच करतो. अडला की एक पायरी खाली, जमलं की एक वर. फक्त माझ्या वर्गात ६२ मुलं आहेत, आणि मला ते दिवसाला चौघांशी जमतं.

मग ५४ का पडले? बोर्डाच्या परीक्षेत इंटिग्रेशनची आठ-आठ ओळींची गणितं करणारी मुलगी कॉलेज अल्जिब्राच्या पट्टीत कशी गेली? (शिफारस साधारण अशी असते : ४६ ते ६० कॉलेज अल्जिब्रा, ६१ ते ७५ प्रीकॅल्क्युलस, ७६ च्या पुढे कॅल्क्युलस. नेमकी रेघ प्रत्येक विद्यापीठ स्वतः मारतं, आपल्या विद्यापीठाची बघून घ्या.)

कारण सापडायला मला दोन दिवस लागले. तिची अकरावी कच्ची होती. तिचीच कशाला, क्लासला जाणाऱ्या बहुतेक मुलांची असते. सीईटीत अकरावीचं वजन २० टक्के, म्हणून क्लासवाले अकरावी उरकतात आणि दिवाळीपासूनच बारावी सुरू करतात. लॉगॅरिदम, फंक्शनचं डोमेन-रेंज, इनव्हर्स, साइनच्या आलेखाचा आवर्तकाल हे सगळं त्या उरकण्यात गेलं. आणि अमेरिकन प्रीकॅल्क्युलसचा गाभा नेमका तोच आहे.

एक गणित सांगते. जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर सोडवलेलं, सरावातलं. लॉग एक्स + लॉग (एक्स + ३) = १. तिने झटक्यात लॉग एकत्र केले, एक्सचा वर्ग + ३ एक्स − १० = ० केलं, अवयव पाडले, उत्तर टाईप केलं : २ आणि −५. चूक. तिने अवयव पुन्हा तपासले, बरोबर होते. पुन्हा तेच टाईप केलं. पुन्हा चूक. "आई, हे सॉफ्टवेअर बिघडलंय." मी म्हटलं, "−५ मूळ समीकरणात घालून बघ." तिने घातलं, आणि पेन्सिल थांबली. ऋण संख्येचा लॉग घेताच येत नाही, −५ बाद. "पण सगळ्या स्टेप्स तर बरोबर होत्या ना?" होत्या. आपल्याकडे त्या स्टेप्सना चारपैकी तीन मार्क मिळाले असते आणि ती चूक कुणाच्या नजरेस आली नसती. मीही १९ वर्षं स्टेप्सचे मार्क देत आले आहे आणि पुढेही देणार आहे, कारण विचार बरोबर असेल तर त्याचं मोल झालंच पाहिजे. पण उत्तर मूळ समीकरणात घालून बघण्याची सवय मुलांना लागत नाही, हे त्या रात्री मला लख्ख दिसलं. यंदा जूनपासून मी नववीला ताळा लिहिल्याशिवाय गणित तपासत नाही.

पहिली चाचणी झाली की सरावाचं मॉड्यूल उघडतं, आणि माझ्या मते खरी किंमत त्याचीच आहे. सहा महिने वापरता येतं. एका गोल चकतीत रंगीत फोडी दिसतात, जेवढं येतं तेवढी फोड भरलेली. भरलेल्या भागाला हात लावायचा नाही, उरलेल्यातला घटक निवडायचा. अडलं तर एक्स्प्लेन दाबलं की पूर्ण रीत समोर येते, मग तसंच नवीन गणित. सलग काही बरोबर आली की घटक पक्का. मधूनच ते जुनं विचारतं आणि विसरलेलं असेल तर चकतीतून काढूनही घेतं. लेक यावर चिडायची. मला मात्र ते पटलं. मंगळवारी आलेलं शुक्रवारी आठवत नसेल तर ते आलेलं नाही.

आमचं जून-जुलैत मिळून ४० तासांच्या आसपास काम झालं. रोज संध्याकाळी दीड तास, डायनिंग टेबल. मी शेजारी बसायचे, पण पेन्सिल तिच्या हातात.

भाषेचा त्रास झाला. गणिताची भाषा नव्हे, दुकानातली. सुट्ट्या पैशांच्या एका गणितात डाइम आणि क्वार्टर आले, आणि डाइम म्हणजे किती हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. निकेल ५ सेंट, डाइम १०, क्वार्टर २५ अशी चिठ्ठी आम्ही फ्रिजवर लावली. फूट, मैल, गॅलन त्याच चिठ्ठीवर. उत्तर लिहिण्याच्या पद्धतीही वेगळ्या. डोमेन तिथे बरेचदा इंटरव्हलच्या कंसात मागतात, गोल कंस कुठे आणि चौकोनी कुठे यात सुरुवातीचे तीन दिवस गेले. पहिल्या खेपेचे काही गुण निव्वळ यातच बुडाले असणार, म्हणून म्हणते की पहिली खेप देण्याआधी टाईप करण्याची साधनं नीट हाताळून घ्या.

आता एक नाजूक विषय. लेकीबरोबर जाणाऱ्या मुलांच्या पालकांचा आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. पहिल्या खेपेला कॅमेरा नाही हे कळल्यावर तिथे लगेच सल्ले सुरू झाले : शेजारी फोन ठेवा, फोटो काढला की उत्तर मिळतं, क्लासच्या सरांना घरी बोलवा, एका दमात ९० पडतात आणि विषय संपतो. मी स्वतः शिकवते, त्यामुळे मला हे वाचून फार वाईट वाटलं. ताप मोजताना थर्मामीटर थंड पाण्यात बुडवण्यासारखंच झालं की हे. आणि नुकसान कुणाचं? एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या मुलाला दर सत्राला किमान १२ क्रेडिट पूर्णवेळ घ्यावे लागतात. १४-१५ क्रेडिट घेतलेल्या मुलाने झेपत नाही म्हणून ऑक्टोबरमध्ये चार क्रेडिटचं कॅल्क्युलस सोडायचं ठरवलं तर तो १२ च्या खाली येतो, आणि आधी परवानगी नसेल तर व्हिसाच अडचणीत. लेकीच्या वसतिगृहातल्या एका मुलावर ही वेळ आली होती. तो का अडला हे मला माहीत नाही, पण त्याच्या आईची काळजी मी फोनवर ऐकली आहे.

खालच्या वर्गात पडण्याचीही किंमत आहेच, ती लपवत नाही. इंजिनिअरिंगला कॅल्क्युलस १, मग २, मग ३, मग डिफरन्शियल इक्वेशन्स अशी साखळी असते आणि पहिलं फिजिक्स कॅल्क्युलसशी बांधलेलं. एक कडी मागे पडली की फिजिक्स मागे, मग मेकॅनिक्स मागे, आणि परदेशी विद्यार्थ्याच्या फीमध्ये एक जादा सत्र म्हणजे लाखांतला हिशोब. म्हणूनच पुन्हा देण्याची सोय आहे. आमच्याकडे पाच खेपा होत्या, दोन खेपांमध्ये ४८ तास आणि सरावाचे ठरावीक तास सक्तीचे. दुसऱ्या खेपेला ६८ आले. तिसरी कॅमेऱ्यासमोर.

त्या तिसऱ्या खेपेची आठवण अजून टोचते. जुलैतली पावसाळी संध्याकाळ, विसाव्या प्रश्नाला वीज गेली. इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालला पण वायफाय गेलं. मोबाईलच्या नेटवर पुन्हा आत शिरेपर्यंत चार मिनिटं गेली. चाचणी होती तिथूनच पुढे सुरू झाली, एकही उत्तर हरवलं नाही. पण त्या अंधारात सासूबाई मेणबत्ती घेऊन खोलीत आल्या, "बाळा, दिसतंय का?" म्हणून. ८१ पडले आणि दुसऱ्या दिवशी निकालापुढे शेरा : खोलीत दुसरी व्यक्ती, तपासणी बाकी. ती तपासणी नऊ दिवस चालली. आम्ही रोज एक ईमेल पाठवत होतो, उत्तर एकच यायचं, प्रतीक्षा करा. एवढी मोठी संस्था, चित्रफीत समोर, ७४ वर्षांच्या बाई मेणबत्ती ठेवून बाहेर जाताना दिसतात, त्याला नऊ दिवस कशाला लागावेत? तोवर कॅल्क्युलसचे सोयीचे वर्ग भरले आणि लेकीला सकाळी आठचा मिळाला. हा राग माझ्या मनातून गेलेला नाही. तुम्ही घराला आतून कडी लावा, सगळ्यांना आधी सांगा, आणि नावनोंदणीच्या तारखेआधी किमान तीन आठवडे तरी हे उरका.

माझी भाची फ्रीमाँटला कम्युनिटी कॉलेजात गेली, तिला अशी कुठलीच चाचणी नव्हती, याचं आम्हाला आधी नवल वाटलं. कॅलिफोर्नियात एबी ७०५ नावाचा कायदा २०१७ मध्ये झाला, त्यामुळे आता तिथल्या कम्युनिटी कॉलेजांत शाळेतले ग्रेड बघून वर्ग ठरतो. आधी चाचणीच्या एका आकड्यावर हजारो मुलं बिनक्रेडिटच्या खालच्या वर्गांत जायची आणि त्यातली बरीच पदवीच्या गणितापर्यंत पोहोचायचीच नाहीत. ही बाजू मला पूर्ण पटते. एका संध्याकाळच्या आकड्यावर मुलीची चार वर्षं ठरू नयेत. अ‍ॅलेक्समध्ये पुन्हा देण्याची आणि मधे शिकण्याची सोय आहे, म्हणूनच मी तिच्या बाजूने आहे. जिथे एकच खेप आणि सराव नाही, तिथे माझं मत वेगळं असतं.

सत्र कसं गेलं? पहिल्या मिडटर्मला ७१, दुसऱ्याला ८४, शेवटी बी प्लस. पहिल्या मिडटर्मचा पेपर तिने मला व्हिडिओ कॉलवर पान-पान दाखवला. डेरिव्हेटिव्ह सगळे बरोबर. गुण गेले ते त्यानंतरच्या सरळरूपात आणि एका साइनच्या समीकरणात, जिथे एक उत्तर राहून गेलं होतं. त्या घटकाची फोड चकतीत शेवटपर्यंत अर्धीच होती, आणि कंटाळून आम्ही ती तशीच सोडली होती. दोघींनाही ते एकदमच आठवलं. मॉड्यूल तेव्हा अजून चालू होतं. तिने त्याच रविवारी ती फोड पुरी केली.

डिसेंबरच्या सुरुवातीला सहा महिने भरले आणि मॉड्यूल बंद झालं. जाताना तिने सरावाची २०० पानी वही घरीच ठेवली, पहिल्या पानावर ५४ आणि शेवटच्या भरलेल्या पानावर ८१. जानेवारीत तिचं कॅल्क्युलस २ सुरू होतंय, दुपारी एकचा वर्ग मिळाला आहे. गंगापूर रोडवरच्या माझ्या मैत्रिणीचा मुलगा यंदा ओहायोला जातोय, तो रविवारी वही न्यायला येणार आहे. फ्रिजवरची चिठ्ठीही त्यातच घालून ठेवली आहे.