लकव्याच्या पेशंटसाठी एअर बेड, आठ महिने वापरून लिहितेय

मिस्टरांना सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत लकवा मारला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. सेवाग्रामला पंधरा दिवस होतो, सुट्टी देताना वॉर्डातल्या सिस्टरनी दोनच गोष्टी परत परत बजावल्या, दर दोन तासांनी कूस बदला आणि एअर बेड घ्या. कूस बदलायचं मनावर घेतलं पण एअर बेड मी लांबवला, पैसा आधीच खूप गेला होता आणि घरात कापसाची चांगली जाड गादी होती. ती चूक मला अजून बोचते. दहाव्या दिवशी यांच्या माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला, बोटानं दाबला तरी पांढरा पडेना, म्हणजे एकाच जागी भार पडून कातडीला आतून इजा व्हायला लागली होती. त्याच दिवशी तालुक्याच्या मेडिकलमधून २,६०० रुपयांत पंपासकट एअर बेड घेऊन आले. म्हणून पहिल्यांदा हेच सांगते की डाग यायची वाट पाहू नका, पेशंट घरी यायच्या आधी ही हवेची गादी अंथरून ठेवा.

गादी म्हणजे जाड प्लास्टिकची, फुगे फुगे असलेली, पायाकडे पंप लटकवायचा आणि त्यातून दोन नळ्या गादीत जातात. थोड्या थोड्या वेळानं एका ओळीतले फुगे फुगतात तेव्हा दुसरे बसतात, त्यामुळे अंगाच्या एकाच जागेवर भार राहत नाही. बाजेवर टाकू नका, बाज मधात झोल खाते. आम्ही लाकडी दिवाणावर आधी साधी गादी आणि तिच्यावर ही टाकली.

दुकानदारानं पंपाचं बटन फुल ठेवा म्हणून सांगितलं होतं. तसं ठेवलं तर गादी दगडासारखी कडक झाली आणि यांचा चेहरा पाहूनच कळायचं की त्रास होतोय, बोलता तर येत नव्हतं. मग फिजिओथेरपीवाल्या सरांनी दाखवलं, बटन वजनाप्रमाणे ठेवायचं, आणि पेशंटच्या ढुंगणाखाली गादीच्या खालून हात घालून पाहायचा, हाड हाताला टेकत असेल तर हवा कमी आहे. आमच्या सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अवं माय, प्लास्टिकवर कसा झोपन थो, गोधडी टाक." मायेनंच म्हणाल्या, पण जाड गोधडी टाकली की फुग्यांचा उपयोगच राहत नाही. मी त्यांचंच जुनं सुती लुगडं दुहेरी करून अंथरलं. उन्हाळ्यात तेच कामी आलं, आपल्याकडच्या उन्हात प्लास्टिकवर पाठ घामानं चिंब होते आणि ओल्या कातडीला जखम लवकर होते, म्हणून लुगडं दिवसातून तीनदा बदलायची आणि कूलर बाजूनं लावायची.

आणि एक गोष्ट नीट समजून घ्या, गादी आली म्हणून कूस बदलणं सुटत नाही. मला वाटलं होतं आता रात्री झोपायला मिळेल. नाही. मोबाईलला अलार्म लावून रात्रीही उठावंच लागतं, मी आणि मोठा मुलगा पाळी लावून उठायचो. पेशंटला ओढायचं नाही, कातडी खरचटते, खालच्या चादरीला दोन्हीकडून धरून सरकवायचं, आणि लकव्याचा हात धरून तर कधीच ओढू नका, खांदा निखळतो. टाचा उचललेल्या राहतील अशी पोटऱ्यांखाली उशी द्यायची. लाल जागेवर तेल चोळू नका, आमच्या शेजारणीनं प्रेमानं सुचवलं होतं पण सिस्टरनी आधीच सांगून ठेवलेलं होतं.

सगळ्यात मोठी अडचण लाईटची. गावात वावटळ सुटली की लाईन जाते ती कधी चार तास कधी रात्रभर, आणि पंप बंद पडला की गादी हळूहळू बसते. आम्ही सुरुवातीला दोन्ही नळ्या पंपापासून काढून मुडपून सुतळीनं बांधायचो, हवा थोडा वेळ टिकायची, पण फुगे आलटूनपालटून हलत नाहीत म्हणून तेव्हा तासातासाला कूस बदलायची. नंतर दिरानं जुना इन्व्हर्टर आणून दिला. पंपाला वीज फार लागत नाही त्यामुळे तो आरामात चालतो. खेड्यात राहत असाल तर गादीच्या पैशात इन्व्हर्टरचाही विचार करून ठेवा.

बाकी पंपाचा घुर्रर्र आवाज आहे पण सवय होते. एकदा सेफ्टी पिनेनं पंक्चर झाली, सोबत मिळालेल्या ठिगळानं बुजली. पाचपैकी चार देईन, एक लाईटसाठी कापला.

यांचा तो डाग तीन आठवड्यांत गेला, पुढं जखम झाली नाही. आता काठी घेऊन ओट्यापर्यंत येतात, तोंडातून शब्दही थोडे थोडे निघतात. गादी अजून काढली नाही, झोपतात तिच्यावरच. परवा रात्री इन्व्हर्टरची बॅटरी उतरली, मला गाढ झोप लागली होती, यांनीच डाव्या हातानं दिवाण ठोकून उठवलं आणि म्हणाले, "पंप."