घट्ट चेंबरची 9 मिमी कार्बाइन आणि ओतीव शिशाच्या गोळ्या: काही महिन्यांच्या वापरानंतर

ओतीव शिशाच्या गोळ्या घट्ट चेंबरच्या (चेंबर म्हणजे नळीच्या मागची, काडतूस बसतं ती पोकळी) कार्बाइनमध्ये भरवशाने चालतात का, याचं माझं उत्तर आता पक्कं आहे: चालतात, आणि फार छान चालतात. अट एकच. काडतुसाची लांबी आणि जाडी त्या कार्बाइनच्या चेंबरने ठरवायची. पुस्तकातल्या आकड्याने नाही, गेजने (काडतूस घालून माप तपासायच्या ठोकळ्याने) नाही, दुसऱ्या कुणाच्या सेटिंगने तर मुळीच नाही. ही अट सोडली तर प्रकरण नुसतं कटकटीचं राहत नाही, धोक्याचं होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुम्ही राहता तिथे काडतूस घरी भरायला कायद्याची परवानगी आहे आणि रीलोडिंगची प्राथमिक ओळख तुम्हाला आहे, असं धरून चालतो.

माझी कार्बाइन 9 मिमी लुगरची, साध्या ब्लोबॅकची (बोल्टला कुलूप नसलेल्या रचनेची), 16 इंची नळीची. चेंबर घट्ट आणि चेंबरपुढचा गळा, म्हणजे रायफलिंग सुरू होण्याआधीची मोकळी जागा, अगदी आखूड. जॅकेटवाली, म्हणजे गोळीच्या शिशावर धातूचं आवरण असलेली, तयार काडतुसं तिच्यात पहिल्या दिवसापासून बिनबोभाट चालली. याच व्यासाच्या माझ्या पिस्तुलात सरसकट चालणारी ओतीव काडतुसं मात्र हिने घेतली नाहीत. बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग, शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरवर अडायचा.

कारण समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. जॅकेटवाल्या गोळीचा व्यास 0.355 इंच. शिशाची गोळी मात्र नळीच्या खाचांपेक्षा एक-दोन हजारांश इंच जाड लागते, नाहीतर मागचा गरम वायू तिच्या कडेने निसटतो, शिसं जाळत जातो आणि नळीला शिशाचा थर चढतो. म्हणून ओतीव गोळ्या 0.356 ते 0.358 च्या असतात. आता पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या) तोंडाची भिंत साधारण 0.011 ते 0.012 इंच जाड असते. 0.358 ची गोळी आणि दोन्ही बाजूंची भिंत मिळून 0.381 च्या आसपास होतं, आणि प्रमाणित काडतुसाच्या तोंडाची कमाल मर्यादा 0.380. सैल चेंबर हे पोटात घालतं. घट्ट चेंबर घालत नाही. त्यात पुंगळ्या वेगवेगळ्या कारखान्यांच्या असल्या की भिंतीची जाडी बदलते, आणि त्याच डब्यातली काही काडतुसं बसतात, काही अडतात. हे ‘काही बसतात’ प्रकरणच माणसाला चकवतं.

तेव्हा सगळ्यात आधी नळी मोजा. रिकामी, तपासलेली, बोल्ट काढलेली नळी, तिच्यात थोडं तेल लावून मऊ शिशाचा तुकडा एका टोकाने ढकलायचा आणि दुसरीकडून निघाल्यावर मायक्रोमीटरने मोजायचा. माझ्या नळीच्या खाचांचा व्यास 0.355 निघाला. मग 0.358 चा अट्टहास कशाला? मी 0.356 वर स्थिरावलो आणि निम्मा प्रश्न तिथेच सुटला. चेंबरचाही साचा काढता येतो. त्यासाठी बिस्मथचा एक मिश्रधातू मिळतो, उकळत्या पाण्याच्या खालच्या तापमानालाच वितळणारा. ओतल्यावर तो आधी आकसतो, मग हळूहळू फुगतो आणि साधारण तासाभराने चेंबरच्या खऱ्या मापावर येतो. मोजायचं तेव्हाच. माझ्या मते आखूड गळ्याच्या प्रत्येक बंदुकीचा असा साचा एकदा तरी काढावा. त्यानंतर अंदाजाने बोलायची गरज उरत नाही.

आता काडतुसाचं गेज. हे साधन वाईट नाही, फक्त त्याचा अर्थ लोक चुकीचा लावतात. गेज प्रमाणित चेंबरचं असतं, आणि बहुतेक गेजमध्ये गळा आणि रायफलिंग नसतंच. त्यामुळे गेजमध्ये अलगद शिरलेलं काडतूस माझ्या चेंबरमध्ये कंगोऱ्यांवर (रायफलिंगच्या खाचांमधल्या उंचवट्यांवर) जाऊन टेकू शकतं. फुगलेली पुंगळी किंवा तोंडाची कड वेचायला मी गेज अजून वापरतो. अंतिम निकाल त्याला देऊ देत नाही.

निकाल चेंबरच देतं, आणि तो घ्यायची रीत अशी. प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) नाही, पावडर नाही, अशी नकली काडतुसं तयार करायची. पुंगळीला कडेने आरपार भोक पाडून ठेवायचं, म्हणजे ती खऱ्या काडतुसांत कधी मिसळली तरी नजरेतून सुटणार नाहीत. कार्बाइन रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचं, मॅगझिन बाजूला, बोल्ट बाहेर. नळी खाली करून नकली काडतूस मागून चेंबरमध्ये सोडायचं. ते आपल्या वजनाने खणकन आत बसलं पाहिजे, बोटाने सहज फिरलं पाहिजे, आणि नळी उलटी केली की आपोआप बाहेर पडलं पाहिजे. बसतं पण फिरत नाही, असं असेल तर ते नापास.

नापास का झालं हे सांगायला साधा काळा मार्कर पुरतो. गोळीपासून पुंगळीच्या बुडापर्यंत सगळं रंगवा, चेंबरमध्ये सोडा, हलकं फिरवून बाहेर काढा आणि भिंगातून बघा. गोळीच्या खांद्यावर सारख्या अंतरावर छोटे चौकोनी ओरखडे दिसले तर ती कंगोऱ्यांना टेकते आहे, म्हणजे काडतूस लांब झालंय. पुंगळीच्या तोंडाशी सलग गोल रेघ असेल तर गोळी घालण्यासाठी रुंदावलेलं तोंड पुरतं मिटलेलं नाही. गोळी जिथवर आत बसली आहे तिथे, मधोमध, रंग खरवडला असेल तर गोळी जाड आहे किंवा त्या पुंगळीची भिंत जाड आहे. अगदी बुडाशी खरवडला असेल तर पुंगळी आधी कुठल्यातरी सैल चेंबरमध्ये फुगलेली आहे आणि साइझिंग डाय (पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणारं साधन) खालपर्यंत पोचलेली नाही. चार खुणा, चार वेगळी कारणं, चार वेगळे उपाय. लोक यातलं काहीही झालं तरी गोळी अजून आत दाबतात, आणि 9 मिमीत हा उपाय सगळ्यात धोकादायक आहे.

कारण पुंगळीतली जागा मुळातच एक घन सेंटिमीटरपेक्षा कमी. गोळी थोडी आत गेली की उरलेली जागा बरीच घटते आणि तेवढ्याच पावडरीचा दाब झपाट्याने चढतो. या काडतुसाची कमाल मर्यादा 35,000 पीएसआय आहे, तिथवर पोचायला फार लांब जावं लागत नाही. ओतीव गोळीचं नाक जॅकेटवाल्यापेक्षा पुष्कळदा बोथट असतं, खांदा पुढे आलेला असतो, म्हणून आखूड गळ्यात तिला आत बसवावंच लागतं. प्रमाणात कमाल लांबी 29.69 मिमी दिली आहे. माझ्या चेंबरने 124 ग्रेन वजनाच्या सपाट नाकाच्या गोळीला 27.4 च्या पुढे जाऊ दिलं नाही, आणि मी 27.1 वर भरतो. हा आकडा उचलू नका, तो फक्त गोळी ओतायच्या त्या साच्याचा आणि त्या गळ्याचा आहे. उचलायचा तो क्रम: आधी लांबी ठरवायची, मग त्या गोळीसाठी, त्याच आकारासाठी छापलेल्या माहितीतल्या सगळ्यात कमी मात्रेपासून सुरुवात करायची. तुमची लांबी छापलेल्या लांबीपेक्षा कमी असेल तर ती मात्रा तुमच्यासाठी किमान राहत नाही. तिथे मी ती गोळीच बदलतो, निमुळत्या नाकाचा साचा घेतो. वजन सारखं म्हणून माहिती सारखी, हा हिशेब इथे लागू होत नाही.

तोंड मिटवण्याबद्दल. 9 मिमीचं काडतूस पुंगळीच्या तोंडावर टेकून चेंबरमध्ये थांबतं, त्यामुळे कड आत वळवणारा रोल क्रिम्प इथे चालत नाही, निमुळता टेपर क्रिम्प हवा. माझा तोंडाशी 0.378 ते 0.379 येतो. बाजारात अशी एक क्रिम्प डाय मिळते जिच्या आत कार्बाइडची कडी असते आणि ती तयार काडतूस शेवटी पुन्हा एकदा दाबून मापात आणते. तिने काडतूस हमखास चेंबरमध्ये शिरतं, म्हणून तिची तारीफ ऐकू येते. मी शिशासाठी तिच्या विरोधात आहे. ती पुंगळीबरोबर आतली मऊ गोळीही दाबते. पितळ थोडं परत उसळतं, शिसं उसळत नाही. भरलेल्या काडतुसातून हातोडीच्या पुलरने गोळी काढून मोजली की 0.356 ची 0.354 झालेली सापडते, आणि मग नळीत शिसं का चढतंय याचं उत्तर मिळतं. तीच गोष्ट तोंड रुंदावणाऱ्या एक्सपँडरची. जॅकेटसाठीचा बारीक असतो, शिशासाठी किंचित जाड आणि खोलवर जाणारा घ्यावा. या एका बदलाने गोळ्या सरळ बसू लागल्या आणि बसताना शिशाच्या कडा सोलणं थांबलं.

मिश्रधातू मी 90 टक्के शिसं, 5 कथील, 5 अँटिमनीचा ठेवतो, कडकपणा ब्रिनेलवर साधारण 15. त्यावर भट्टीत भाजलेलं पावडर कोटिंग. कोटिंगने व्यास वाढतो, म्हणून साइझिंग कोटिंगनंतर, आणि चेंबरची परीक्षा कोटिंग केलेल्या गोळीनेच. लांब नळीत कोटिंगचा फायदा स्पष्ट दिसतो. नुसतं वंगण लावलेल्या गोळ्यांनी तोंडाकडच्या शेवटच्या काही इंचांत शिसं चढायचं, तिथवर वंगण संपत असावं. कोटिंगनंतर नळी कापडाच्या दोन-तीन फेऱ्यांत स्वच्छ होते.

ब्लोबॅकबद्दल जरा कळकळीने सांगायचं आहे. या रचनेत बोल्टला कुलूप नसतं, त्याचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच पुंगळी आत राहते. बोल्ट पूर्ण मिटलेला नसताना बार उडाला तर पुंगळीचं बूड उघडं असतं आणि पितळ फाटतं. फाटलेलं पितळ आणि वायू मॅगझिनमधून खाली किंवा बाजूने तोंडाकडे येतात. तेव्हा अडलेला बोल्ट तळहाताने ठोकून पुढे ढकलू नका. मॅगझिन काढा, काडतूस बाहेर घ्या. आणि इथे आणखी एक गोष्ट असते: लांब भरलेलं काडतूस कंगोऱ्यांत रुतलं असेल तर मागे ओढताना पुंगळी येते, गोळी नळीतच राहते आणि पावडर यंत्रणेत सांडते. बाहेर आलेल्या पुंगळीत गोळी नसेल तर नळीतून उजेड दिसेपर्यंत दुसरं काडतूस घालायचं नाही. बार नेहमीपेक्षा दबका वाटला तरी हेच. 16 इंची नळीत कमजोर काडतुसाची गोळी मध्येच थांबण्याचा संभव पिस्तुलापेक्षा जास्त आहे.

जड बोल्ट काडतूस जोरात चेंबरमध्ये कोंबतो, त्यामुळे गोळी आत सरकते का हेही पाहावं. एक नकली काडतूस मॅगझिनमधून बोल्ट सोडून आत घ्यायचं, काढायचं, आधीची आणि नंतरची लांबी ताडून पाहायची. माझ्या पुंगळ्यांत फरक कॅलिपरला जेमतेम कळतो. तेच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबर केलं तर कळू लागतो, म्हणून एकदा काढलेलं काडतूस मी परत मॅगझिनमध्ये घालत नाही. टेबलावर एका वेळी एकच पावडर, आणि प्रत्येक पुंगळीत गोळी ठेवण्याआधी दिव्याखाली नजर टाकणं, हे इतर कुठल्याही काडतुसाइतकंच इथेही. झटपट जळणाऱ्या पावडरीची दुप्पट मात्रा या छोट्या पुंगळीतही मावते.

शिसं शरीरात जाण्याची वाट प्रामुख्याने हात आणि धूळ. ओतताना शिसं 327 अंश सेल्सियसला वितळतं, त्या तापमानाला वाफेपेक्षा वर तरंगणारी मळी आणि तिची भुकटी जास्त घातक. मळी काढताना मास्क, उघडी हवा, आणि भांड्याजवळ पाण्याचा थेंबही नको, कारण वितळलेल्या शिशाखाली अडकलेलं पाणी वाफ होऊन शिसं उडवतं. वापरलेल्या पुंगळ्या कोरड्या घासण्याऐवजी मी पाण्यात धुतो. प्रायमरच्या राखेतही शिसं असतं आणि कोरड्या घासण्यात तेच हवेत उडतं. काम संपेपर्यंत खाणंपिणं नाही, घरात लहान मुलं असतील तर कामाचे कपडे वेगळे.

या सगळ्या तयारीनंतर कार्बाइन कशी चालते? अडणं पूर्ण थांबलं. 50 मीटरवर जॅकेटवाल्या तयार काडतुसांपेक्षा माझे गट लहान येतात, आणि याचं श्रेय मी गोळीच्या व्यासाला देतो, कोटिंगला नाही, कारण 0.358 च्या कोटिंगवाल्या गोळ्या सैल पिस्तुलात चांगल्या असूनही इथे विखुरल्या होत्या. ब्लोबॅकमुळे बोल्टचा पुढचा भाग काळाकुट्ट होतो आणि एक्स्ट्रॅक्टरखाली (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकडीखाली) काजळी साठते. ती वेळेवर काढली नाही तर घट्ट चेंबर पुन्हा कुरकुरतं, म्हणून प्रत्येक सत्रानंतर चेंबरला ब्रश फिरवतो. तक्रार एकच उरते, वेळाची. पुंगळ्या कारखान्यानुसार वेगळ्या करणं, आतून पायरी असलेल्या पुंगळ्या बाजूला काढणं, प्रत्येक तयार काडतूस मापून डब्यात टाकणं, यात संध्याकाळ जाते. ज्यांना तेवढा वेळ द्यायचा नाही त्यांनी या कार्बाइनसाठी 0.355 ची जॅकेटवाली किंवा तांब्याचा मुलामा दिलेली गोळीच घ्यावी. नवा साचा आणला की मी मात्र पुन्हा भोक पाडलेलं नकली काडतूस आणि मार्कर घेऊन बसतो. सध्या 147 ग्रेनचा साचा तपासतो आहे. त्याची लांब गोळी पुंगळीत खोलवर, भिंत जाड होऊ लागते तिथपर्यंत जाते आणि मधोमध रंग खरवडते, म्हणून एकाच कारखान्याच्या पातळ भिंतीच्या पुंगळ्या वेचून ठेवल्या आहेत.