यंग थगचा 'जेफरी' ऐकला, उशिरा का होईना

खरं सांगायचं तर मी या अल्बमचं कव्हर बघूनच पुढे सरकलो होतो. निळसर जांभळा झालरींचा घोळदार ड्रेस, डोक्यावर छत्रीएवढी टोपी, चेहरा जवळपास गायब, आणि हा यंग थग बाबा अमेरिकन ट्रॅप रॅपर, म्हणजे ज्या म्युझिकला नावच अटलांटातल्या ड्रग्ज विकायच्या अड्ड्यांवरून पडलंय त्यातला. म्हटलं पब्लिसिटी स्टंट असणार, गाणी काय ऐकायची. चूक माझीच.

'जेफरी' आला ऑगस्ट २०१६ मध्ये. जेफरी हे त्याचं खरं नाव, आणि बहुतेक गाण्यांना नावं त्याच्या आवडत्या लोकांची: रिहाना, कान्ये, फ्लॉइड मेवेदर, मध्येच त्या वर्षी झूमध्ये मारला गेलेला गोरिला हरांबे. गाण्यात गोरिलाचा काही संबंध नाही बरं का, पण थग त्यात असा घसा फाडून ओरडतो की पहिल्यांदा मला वाटलं दुसरंच कोणीतरी गातंय. आणि 'रिरी' (रिहानाचं लाडकं नाव) मध्ये 'अर्न', म्हणजे कमावणं, हा एवढासा शब्द इतका घासतो, ताणतो, नाकातून काढतो की शेवटी तो शब्दच राहत नाही, वाद्य होतं. मग आपल्याला कळतं की ड्रेस आणि आवाज एकाच डोक्यातून आलेत, जे मनाला येईल ते अंगावर चढवायचं, लोक काय म्हणतील ते म्हणोत.

"काय बोलतोय काहीच कळत नाही" ही तक्रार सगळेच करतात, मीही करायचो. पण लिरिक्स उघडून वाचत बसलात तर वाट लागेल. हेडफोन लावा आणि मागे चाललेले ॲडलिब ऐका, ते हुंकार, किंचाळ्या, मध्येच एखादी शीळ. मुख्य ओळीपेक्षा मजा तिथेच जास्त आहे. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, बेस मरतो आणि उरतो फक्त चिरका आवाज.

याच अल्बममधल्या 'वायक्लेफ जीन' या गाण्याचा व्हिडिओ मात्र बघाच. लाखभर डॉलर खर्चून शूट ठेवलं आणि साहेब सेटवर उतरलेच नाहीत, मग डायरेक्टरने काय घोळ झाला ते पाट्या लिहून व्हिडिओतच सांगितलं, आणि थगचे शॉट म्हणजे काय तर तो विमानाजवळ उभा राहून चीटोज खातोय! एवढं करून व्हिडिओ भन्नाट झालाय.

थगचा आधीचा माल हवा असेल तर २०१५ चा 'बार्टर ६', जास्त शांत आणि माझ्या मते जास्त बारीक काम. २०१९ चा 'सो मच फन' चार्टवर पहिला आला, पार्टीला मस्त, पण मधली चार-पाच गाणी एकमेकांत मिसळून जातात, तो धोकाच घेत नाही तिथे.

मग २०२२ मध्ये गँग चालवल्याच्या आरोपाखाली थगला अटक. आणि गंमत बघा, ज्याचं बोलणं कुणाला कळत नाही म्हणून इतकी वर्षं चेष्टा झाली त्याच्याच गाण्यांच्या ओळी पुरावा म्हणून वापरायला कोर्टाने परवानगी दिली. गाणं म्हणजे कबुलीजबाब का, यावर मी मित्राशी तासभर भांडलोय. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या इतिहासातला सगळ्यात लांबलेला खटला तो, ऑक्टोबर २०२४ मध्ये काही आरोप कबूल करून सुटला, वर १५ वर्षांचं प्रोबेशन.

सुटल्यावरचा २०२५ चा अल्बम 'यूवाय स्कूटी' दोनदा ऐकला. वाईट नाही, पण तो सारखा स्वतःची बाजू मांडतोय असं वाटत राहिलं. तिसऱ्यांदा लावायला घेतला आणि हात परत 'जेफरी'वरच गेला.