श्रीवर्धन सोडावं की छप्पर घट्ट करून राहावं?

३ जून २०२० ला निसर्ग वादळ येऊन गेलं, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते. तेव्हापासून मावसभावाचा एकच प्रश्न आहे: "दादा, वाडी विकून पनवेलला फ्लॅट घेऊ का?"

आधी पैसा. फ्लॅट घेतला की हप्ता आणि मेंटेनन्स सुरू, सुपारी-नारळाचं उत्पन्न बंद. घर मजबूत करायला एकदाच खर्च होतो. पत्रे नुसते खिळ्यांवर ठेवू नयेत, जे-हुकने (J आकाराच्या बोल्टने) लोखंडी पाइपाला आवळावेत. निसर्ग वादळात भावाच्या पडवीचे पत्रे खिळ्यांसकट उपटले आणि एक विहिरीत उभा अडकला होता.

पण वाडीला हुक लावता येत नाही. रोठा या इथल्या जातीच्या सुपारीचं झाड मधोमध मोडलं की संपलं, नवं रोप धरायला सहा-सात वर्षं जातात. इथे शहराचं पारडं जड, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. पाण्याची भीती मात्र तिथेही आहे, गाढी नदी पनवेलच्या सखल भागात शिरते.

रोजचं जगणं म्हणाल तर मावशी सत्तरीची आहे. तिला वरच्या मजल्यावर कोंडल्यासारखं होईल. उलट वादळानंतर वीज नसलेले दिवस तिलाच सर्वांत जड गेले.

घरात डायलिसिस, ऑक्सिजनसारखी गरज असेल किंवा सगळी कमाई वाडीवरच असेल, तर निघावं. पगाराचा आधार आणि पक्क्या स्लॅबची एक तरी खोली असेल, त्यांनी राहावं. भावाची बायको शिक्षिका आहे. त्याने आधी ती खोली बांधावी, वाडी विकू नये.