फोल्डिंग मच्छरदाणी, ६ बाय ६.५: सहा महिने रोज उघडून आणि घडी घालून

मे महिन्याच्या शेवटी घेतली ही मच्छरदाणी, आता नोव्हेंबर संपत आला, म्हणजे अख्खा पावसाळा आणि ऑक्टोबरची गरमी दोन्ही काढून झालीय, म्हणून आता लिहिते. दोन दिवसांत लिहिलं असतं तर रागात एकच स्टार दिला असता. आता चार देतेय, आणि पाचवा का नाही ते पण सांगते.

आधी आमच्या घराचं, कारण त्याशिवाय काही कळणार नाही. काळाचौकीला चाळीत खोली आहे आमची, १० बाय १२. रात्री गाद्या घातल्या की ती बेडरूम आणि सकाळी साडेसहाला पाणी आलं की गाद्या उचलल्याशिवाय मोरीपर्यंत पोचताच येत नाही. ज्यांच्याकडे पलंग आहे त्यांची मच्छरदाणी एकदा उघडली की महिनोन्‌महिने तशीच उभी असते, आमची रोज रात्री उघडते आणि रोज सकाळी मिटते, त्यामुळे घडी पटकन होते का आणि घडी घातलेली वस्तू ठेवायची कुठे, हे दोनच प्रश्न माझ्यासाठी महत्त्वाचे होते आणि दुकानात याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

आधी चार दोऱ्यांची होती, खिळ्यांना बांधायची, सासूबाईंच्या वेळेपासूनची पद्धत. तिची घडी सोपी, चादरीसारखी, उशीखाली पण मावते. पण बाळ झाल्यावर रात्री तीन-तीनदा उठावं लागतं आणि प्रत्येक वेळी कड गादीखाली खोचायची, अर्धवट झोपेत एक कोपरा राहतोच, आणि सकाळी बघावं तर दोन मच्छर आत रक्त पिऊन टम्म बसलेले. म्हणून चेनवाली, खाली तळ असलेली घेतली. १,१५० ला मिळाली दादरला, भाव केला असता तर अजून थोडी कमी झाली असती.

उघडायला काहीच नाही, पिशवीतून काढली की फटकन उभी राहते. पहिल्याच रात्री मी बाळाला कडेवर घेऊन उघडली आणि तार त्याच्या डोक्याजवळून गेली, तेव्हापासून नियमच केलाय की उघडताना पोरं दाराबाहेर आणि पंखा बंद. पोलादी तार आहे, डोळ्याला लागली तर केवढ्याला पडेल.

सकाळी मात्र घडी काही केल्या होईना. सोबतच्या कागदावर सहा चित्रं, नखाएवढी, बाण कुठून कुठे जातोय तेच कळेना. मोबाईलवर व्हिडिओ बघितला तर त्यातली मच्छरदाणी वेगळ्या आकाराची. मी आणि नवरा दोघांनी पाऊण तास झटापट केली, तो वरून दाबतोय मी बाजूने ओढतेय, आणि त्यात एका ठिकाणी तार जवळजवळ काटकोनात वाकली. तो बाक अजूनही दिसतो. दुकानात परत नेली तर म्हणाले पिशवी उघडलीय, आता बदलून मिळणार नाही. घडी तरी दाखवा म्हटलं तर गिऱ्हाईक आहे, नंतर या. याचा मला खूप राग आला आणि अजून आहे, कारण हजार-बाराशेची वस्तू विकताना दोन मिनिटं घडी दाखवणं हे विकण्यातच येतं असं मला वाटतं. एक स्टार तिथे गेला.

शिकवलं कोणी तर वरच्या मजल्यावरच्या मुलाने. तो लग्नाचे फोटो काढायला जातो, त्याच्याकडे तो चंदेरी गोल रिफ्लेक्टर असतो ना, मोठा गोल एका झटक्यात छोटा होतो, तो तो रोज मिटतो. आमची झटापट जिन्यातून बघून आत आला आणि म्हणाला, ‘वहिनी, तार दुमडू नका, पीळ द्या.’ सगळं त्या एका वाक्यात आहे. स्प्रिंगच्या तारेचं मोठं कडं दुमडायला गेलं की ते उलटं ढकलतं, पण पीळ दिला की त्याची आपोआप तीन छोटी कडी होऊन एकावर एक बसतात. जोर लागतच नाही. जोर लागतोय म्हणजे काहीतरी चुकतंय, तिथेच थांबायचं आणि सोडून परत पहिल्यापासून.

आमच्या मच्छरदाणीला हे असं करते मी. गादी बाहेर काढायची, दोन्ही चेन पूर्ण लावायच्या, नाहीतर जाळी चेनमध्ये अडकून फाटते. मग दोन्ही कमानी एकाच बाजूला आडव्या पाडायच्या आणि तळ मधोमध मिटायचा, वही मिटतो तसं, सगळ्या तारा एकत्र मुठीत आल्या पाहिजेत, एक जरी बाहेर राहिली तर पुढचं जमत नाही. मग ती चपटी झालेली मच्छरदाणी जमिनीवर उभी धरायची आणि वरचं टोक तळव्याने आत, खाली, जमिनीकडे दाबत न्यायचं. असं दाबताना दोन्ही बाजूंना दोन कान फुटल्यासारखे गोल बाहेर येतात, तेव्हा घाबरायचं नाही, ते दोन कान एकमेकांवर सरकवायचे, एक वरून आणि एक खालून, की झाला गोल. लगेच पट्टा लावायचा, हात सुटला तर परत उघडते. पहिला आठवडा मला पाच-सात मिनिटं लागत होती, आता नळाखाली बादली भरेपर्यंत होते. सासूबाईंना गुडघ्यामुळे वाकून दाबायला जमत नाही, त्या खाटेवर बसून करतात, त्यांचंही होतं.

आता ठेवायचं. घडी छोटी होते असं सांगतात पण तो गोल आमच्या मोठ्या परातीहून मोठा आहे, अडीच फुटांच्या वर, त्यामुळे कपाटाच्या खणात जाणं शक्यच नाही. तीन कड्यांचा गोल म्हणजे उघडलेल्या घेराच्या साधारण तिसरा हिस्सा होणारच, मच्छरदाणी जेवढी मोठी तेवढा गोल मोठा. घ्यायच्या आधी टेपने हा गोल मोजा आणि घरातली जागा मोजा, बेडचं माप सगळेच मोजतात. सुरुवातीला पोटमाळ्यावर टाकायचो, तिथे उंदरांनी पिशवीचा कोपरा कुरतडला. आता दाराच्या मागे मोठ्या खिळ्याला टांगतो, तिथे चपटी राहते आणि वारा पण लागतो.

वारा लागणं फार महत्त्वाचं आहे मुंबईत. जुलैमध्ये चार दिवस सलग पाऊस होता, मी सकाळी घडी घालून लगेच पिशवीची चेन लावून टाकायचे, आणि तळाचं कापड रात्रभर घामाने, गादीच्या ओलीने दमट झालेलं. पाचव्या दिवशी कुबट वास आणि कडेला काळे ठिपके, बुरशी. तारेच्या जोडावर गंजही आला, जिथे बारीक नळी बसवलीय तिथे. आता उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं उलटी करून पंख्याखाली ठेवते आणि पिशवी कधीच पूर्ण बंद करत नाही. डांबराच्या गोळ्या मात्र ठेवू नका, बाळ ज्या जाळीत झोपतं त्याला तो वास नको, तान्ह्या बाळांना त्या गोळ्यांनी त्रास होऊ शकतो. धुवायची तर मोठ्या टबात साध्या साबणाने हातानेच, पिळायची नाही, सावलीत वाळवायची. मशीनमध्ये तार जाते कुठे, प्रश्नच नाही.

जाळी चांगली आहे. डब्ल्यूएचओच्या हिशोबाने एक चौरस इंचात किमान १५६ भोकं हवीत, म्हणजे टेप लावून एका इंचात उभी-आडवी १२-१३ मोजली तरी कळतं. आमच्यात दोन्हीकडे १५ भरली. मच्छर आत येत नाही पण पंख्याचा वारा पण कमी लागतो, ऑक्टोबरमध्ये खरंच गरम झालं. आणि ही औषध लावलेली जाळी नाही, त्यामुळे बाळाचा पाय जाळीला टेकला की बाहेरून चावतात, आम्ही गादी चारी बाजूंनी वीतभर आत घेतो.

दिवसाही वापरतो बरं का. डेंग्यूचा मच्छर दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळ व्हायच्या आधी जास्त, आणि चाळीत पाणी ठरलेल्या वेळी येतं म्हणून प्रत्येकाकडे पिंप भरलेलं असतं, झाकण जरा सरकलं की त्यात अंडी, आठ-दहा दिवसांत मच्छर तयार. बीएमसीवाले टॉर्च घेऊन पिंपं बघून जातात तेव्हा मी स्वतः झाकण काढून दाखवते. म्हणून दुपारी बाळ झोपलं की परत उघडायची, मग परत घडी, दिवसातून दोनदा. एवढं होऊनही तार तुटली नाही, चेन नीट चालते, जाळी फक्त चेनच्या टोकाला थोडी उसवली होती ती घरीच शिवली.

आईसाठी डोंबिवलीला अजून एक घ्यायची आहे, तिच्याकडे पलंग आहे तर बिनतळाची घेईन, घडी पातळ होते आणि कुबट व्हायला तळच नाही. यावेळी दुकानात उभी राहून तिथेच उघडायला लावणार आणि तिथेच मिटून दाखवायला सांगणार, मग पैसे.