सोसायटीच्या हॉलमधला पॉवर अँप: मे ते माघी गणपती

पॉवर अँप म्हणजे मिक्सरमधून आलेला आवाज स्पीकर वाजवण्याइतका ताकदवान करणारा डबा. तो कोणता, हे आधी विचाराल म्हणून सांगतो. दोन चॅनेलचा, रॅकमध्ये बसणारा, क्लास एबी (नेहमीच्या सर्किटचा), आत टोरॉइडल, म्हणजे कड्याच्या आकाराचा, ट्रान्सफॉर्मर. कागदावर 8 ओमच्या स्पीकरला चॅनेलमागे 300 वॉट, 4 ओमला 450. लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत या वर्गातले वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे एकमेकांना खेटून मांडलेले असतात आणि त्यांच्या आवाजातला फरक आमच्या गिरगावातल्या तळमजल्याच्या हॉलमध्ये कुणाला कळणार नाही. म्हणून कंपनीचं नाव गाळलंय. मे महिन्यात बसवला, माघी गणपती नुकतेच आटोपले. मधे पावसाळा, गणेशोत्सव, नवरात्र, एकांकिकेच्या तालमी, हळदीकुंकू सगळं यावरच झालं. एवढ्यानंतर माझं मत असं झालंय की अँपच्या पुढ्यात बसून आम्ही जी चर्चा केली ती निम्मी त्याच्या मागच्या पॉइंटवर, अर्थिंगवर आणि वायरींवर व्हायला हवी होती.

आमची इमारत जुनी. मूळ वायरिंगमध्ये अर्थची वायर नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळलेली होती. त्या काळी तसं सर्रास करत. पुढे कधीतरी नळ प्लास्टिकच्या पाइपवर गेले आणि अर्थ हवेत लटकली. पॉइंटला भोकं तीन, पण वरच्या भोकामागे काहीच नाही. जुन्या सिस्टिमवर माइकला ओठ लागला की झिणझिण यायची आणि भजनी मंडळातले ‘हा माइक चावतो’ म्हणून दुसरा उचलायचे. मिक्सर, लॅपटॉपचा चार्जर असल्या वस्तूंच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थ असेल तर ती किंचित गळती तिकडे निघून जाते. नसेल तर बॉडी 230 व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहते. करंट अगदी थोडा, म्हणून माणूस नुसता दचकतो. पण त्याच पॉइंटवर अँपच्या आत फेजची वायर सुटून बॉडीला टेकली, तर दचकण्यावर भागणार नाही.

परवानाधारक वायरमन बोलावला. त्याने फेज आणि अर्थमध्ये 100 वॉटचा बल्ब लावून पाहिला, पेटला नाही. मीटरवर मात्र भलामोठा आकडा दिसत होता. लटकत्या वायरवर डिजिटल मीटर असा भुताटकीचा आकडा दाखवतं, त्यामुळे एकट्या मीटरवर विसंबू नये. (बल्बची ही चाचणी वायरमनची, आपण करायची नव्हे.) कमिटीतल्या एका काकांनी सुचवलं की पॉइंटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाका, काम झालं. बल्ब पेटला असता, खरं आहे. पण पुढे कधी न्यूट्रल मागे कुठे सुटली, की अँप, मिक्सर आणि माइक या सगळ्यांची बॉडी थेट फेजवर. वायरमनने काकांकडे नुसतं पाहिलं. मागच्या गल्लीतल्या मोकळ्या पट्ट्यात नवीन अर्थ इलेक्ट्रोड गाडला, तिथून हॉलच्या बोर्डापर्यंत स्वतंत्र तांब्याची वायर ओढली. खर्च ऐकून सभेत कुरकुर झाली. त्यानंतर माइक चावला नाही.

अँपसाठी 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट घेतला, मीटर बॉक्सपासून 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरने. सामान लोहार चाळीतून. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) मुद्दाम सी कर्व्हचा, म्हणजे क्षणिक झटका जास्त सोसणारा. टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर चालू करताना क्षणभर प्रचंड करंट ओढतो. बी कर्व्हचा एमसीबी रेटिंगच्या 3 ते 5 पट करंटला झटक्यात पडतो, सी कर्व्हचा 5 ते 10 पटीला. शेजारच्या इमारतीत अँप चालू करताच एमसीबी पडायचा आणि त्यावर त्यांनी एमसीबीच मोठा बसवून घेतला, वायर तीच जुनी बारीक. मग वायर तापते आणि एमसीबी स्वस्थ बसतो. जोडीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की वीज तोडणारा स्विच) आहे. त्याच्याबद्दल एक गैरसमज मला बऱ्याच जणांत दिसला: तो असला की सगळीकडून सुरक्षित. तो मेन्सच्या, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या विजेच्या, बाजूचा पहारेकरी. स्पीकरची बाजू ट्रान्सफॉर्मरने वेगळी झालेली असते. तिथल्या दोन टर्मिनलला कुणी हात लावला तर आरसीसीबीला पत्ताही लागत नाही.

आणि तिथे हात लावण्यासारखं काही नसतं. 8 ओमवर 300 वॉट म्हणजे जवळपास 49 व्होल्ट. ब्रिज करून (दोन्ही चॅनेल मिळून एक करून) 8 ओमवर 900 वॉट काढले तर 85 च्या आसपास. टर्मिनलशेजारी विजेची खूण छापलेली असते ती शोभेला नव्हे. आम्ही ब्रिज वापरतच नाही. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला समोरचा भार निम्म्या ओमचा भासतो, आणि आमची स्पीकरची खोकी चार, प्रत्येकी 8 ओम, डावीकडे दोन उजवीकडे दोन समांतर. म्हणजे चॅनेलला 4 ओम आधीच झाले. चारही एकाच चॅनेलवर लावली तर 2 ओम. उत्सवात उत्साही मुलं नेमकं तेच करायला जातात, म्हणून मागचे उघडे बाइंडिंग पोस्ट (वायर स्क्रूने आवळायची टर्मिनलं) झाकले आणि फक्त स्पीकॉन प्लग ठेवले. फिरवून लॉक होतात, ओढले तरी निघत नाहीत, उघडं तांबं कुठे दिसत नाही.

स्पीकरच्या वायरीवर दुकानदाराने पारदर्शक, चकचकीत, बारीक जोडवायर पुढे केली. लांबच्या खोक्यांपर्यंत आमचं अंतर 15 मीटर, म्हणजे जाऊन-येऊन 30. त्या 0.75 चौरस मिलिमीटरच्या वायरीचा रोध तेवढ्या लांबीत पाऊण ओमच्या वर जातो. 4 ओमच्या भारासोबत जवळपास सहावा हिस्सा पॉवर भिंतीवरच्या वायरीत जिरली असती. 2.5 ची घेतली, नुकसान पाच टक्क्यांवर आलं. अँपच्या माहितीपत्रकात डॅम्पिंग फॅक्टर (स्पीकरच्या हालचालीवर अँपची पकड किती, तो आकडा) तीन आकडी छापला होता. या लांबीला चांगल्या वायरीनेही तो वीसच्या आत येतो, तेव्हा त्या आकड्यावरून अँप निवडू नका.

वायरीची टोकं स्क्रूखाली घ्यायची असतील तर कथिल लावू नका. दिसायला नीटनेटकं दिसतं, पण दाबाखाली कथिल हळूहळू सरकतं, स्क्रू सैल पडतो आणि सांधा तापतो. आम्ही सगळीकडे थिंबल (वायरीच्या टोकाला बसणारी धातूची टोपी) दाबून घेतली. पावसाळ्यानंतर मागचं पॅनेल उघडलं तेव्हा समुद्राच्या हवेने जुन्या बोर्डावरचं उघडं तांबं हिरवट झालं होतं. थिंबलचे सांधे ठीक होते, दोन स्क्रू तेवढे पुन्हा आवळावे लागले.

अर्थ नीट झाल्यावर एक नवीन गंमत झाली: स्पीकरमधून गुणगुण. लॅपटॉप स्टेजजवळच्या पॉइंटवर, अँप दुसऱ्या टोकाला, दोन वाटांनी अर्थ आणि मधे ऑडिओ केबल. इथेच लोक अँपच्या प्लगची अर्थची पिन काढतात. गुणगुण जाते, आणि तिच्याबरोबर सुरक्षाही जाते. आम्ही मिक्सर, लॅपटॉप, अँप तिन्हींची वीज एकाच पॉइंटपासून घेतली, लॅपटॉपच्या ऑडिओ केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकला, मिक्सर ते अँप बॅलन्स्ड एक्सएलआर (बाहेरची गुणगुण छाटणारी तीन पिनांची केबल). शांत झालं. गणपतीत मात्र चर्रर्र असा आवाज आला. तो मखरातल्या दिव्यांच्या डिमरचा निघाला. डिमरची वीज वेगळ्या सर्किटवरून घेतली तेव्हा थांबला.

खुद्द अँपबद्दल तक्रार एकच, पंखा. नवरात्रात गरब्याच्या मधेच थर्मल प्रोटेक्शनने (अँप फार तापला की तो थांबवणारी सोय) आवाज बंद केला. पंख्याची हवा गाळणारा समोरचा फोम गुलाल आणि धुळीने भरला होता. धुऊन वाळवून लावला, पुन्हा तसं झालं नाही, पण उत्सवाच्या दिवसांत तो रोज बघावा लागतो. रॅकमध्ये वर-खाली एकेक खण मोकळा ठेवलाय आणि मागच्या फटींना बारीक जाळी मारली आहे. मुंबईत अँपच्या उबेला झुरळं आणि पाली येतातच, आणि सर्किटवर पडलेली पाल अँपला आणि पालीला, दोघांनाही परवडत नाही.

अँपची नॉब निम्म्यावर ठेवली म्हणजे पॉवर निम्मी, असंही आमच्याकडे काही जण धरून चालतात. ती फक्त आत येणारा सिग्नल किती घ्यायचा ते ठरवते. मिक्सरमधून जोरात पाठवलं तर अँप पूर्ण ताकदीला जातोच. क्लिपचा (अँप ताकदीबाहेर गेल्याचा) लाल दिवा सतत पेटलेला दिसला की ट्विटर, म्हणजे उंच सुरांचा छोटा स्पीकर, गेलाच समजा. त्यासाठी मिक्सरनंतर लिमिटर (सिग्नल ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणारं यंत्र) लावला. त्याचा दुसरा उपयोग रात्रीचा. दहा ते सहा स्पीकरबंदी आहेच, निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे. वरच्या मजल्यावरच्या आजींचा फोन येण्याआधी काहीतरी आवाज धरून ठेवतं हे बरं.

चालू करताना आधी मिक्सर, शेवटी अँप. बंद करताना आधी अँप. हे रॅकच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलंय, तरी कार्यक्रमानंतर कुणीतरी मेन स्विच एकदम पाडतो आणि खोकी ‘धप्प’ करतात. बाकी राहिलंय ते जादा-कमी व्होल्टेजला वीज तोडणारं यंत्र. थ्री फेज इमारतीत न्यूट्रल तुटली तर सिंगल फेजच्या पॉइंटवर 300 च्या वर व्होल्ट येऊ शकतात, आणि त्यापुढे अँपचा फ्यूज उपयोगी पडेलच असं नाही. ते पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत आहे, रंगकामाच्या खाली.